सत्तेचाळीस मिनिटं

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात परीक्षित देवतळेला सगळे पाठीमागे ‘अंतरकाका’ म्हणत आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. राग येणं तर सोडाच, मनातून तो खूशच व्हायचा. "आम्ही शनिवारी डब्लिनला चाललोय, ओहायोच्या," असं कुणी म्हणायचा अवकाश, हा पठ्ठ्या हातातली चकली बशीत ठेवून सांगणार, "साडेतीनशे मैल. गॅस भरायला एकदा थांबलात तर सहा तास. आणि तिकडे घड्याळ एक तास पुढे, तेव्हा जेवायला पोहोचायचं असेल तर सकाळीच निघा." विचारलं नसलं तरी सांगणार. वडील नागपूरच्या डेपोत एसटीचे वाहतूक नियंत्रक होते, त्यांच्या टेबलावरच्या वेळापत्रकांशी खेळतच हा मोठा झाला होता. त्यामुळे खोड रक्तातलीच म्हणायची.

नोकरीही तशीच मिळाली. शिकागोतल्या एका छोट्या ट्रॅव्हल वेबसाइटच्या कंपनीत तो अठरा वर्षं होता आणि तिथे त्यानं केलेल्या एका कामाबद्दल कुठल्याही पार्टीत तो तिसऱ्या मिनिटाला बोलायला लागायचा. जगातले नऊ हजार विमानतळ त्यानं एका तक्त्यात भरले होते. त्यातले कुठलेही दोन घ्या, त्यांचं एक पान आपोआप तयार. अमुक ते तमुक, अंतर इतके मैल, विमानानं लागणारा वेळ इतका. अशी चार कोटी पानं. अंतराचं गणित चोख होतं, पृथ्वीच्या गोलाईसकट. वेळेचं गणित मात्र एका ओळीत उरकलेलं. जेट तासाला पाचशे मैल जातं, म्हणून अंतराला पाचशेनं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालायचा. झालं! त्या दोन गावांमध्ये विमान जातं तरी का, हे त्या ओळीनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. परीक्षितनंही नाही.

आता या माणसाच्या घरात एक गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल तो पार्टीत कधीच बोलत नसे. त्याची बायको अहिल्या आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी तीन वर्षं बोलली नव्हती. भाऊबीजेला ती घरामागच्या लाकडी डेकवर उभी राहून चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. भाऊ धडधाकट जिवंत असताना! मंडळातल्या एका काकूंनी एकदा तिला त्यावरून टोकलं, तर अहिल्या शांतपणे म्हणाली, "काकू, माझा भाऊ फार लांब राहतो."

लांब तर तो होताच. विनय अलास्काच्या पार वरच्या टोकाला केप एलन नावाच्या गावात राहत होता. समुद्रकाठची तीनशे माणसांची वस्ती, बाहेरून येणारा एकही रस्ता नाही, जायचं तर लहानशा विमानानं. तिकडची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते, ती उन्हाळ्यात थोडी सैल पडली की धावपट्ट्या खचतात, आणि त्या नीट करायचं काम विनयचं. त्याची बायको यामिनी गावातल्या शाळेत शिकवायची. परीक्षित तिकडे कधी गेला नव्हता. पण मेहुणा किती लांब राहतो म्हणून कुणी विचारलं, तर उत्तर तयार होतं: "तीन हजार मैल. साडेसहा तास."

तीन वर्षांपूर्वी अहिल्येची आई, मालिनीताई, व्हिजिटर व्हिसावर आली. चार महिने लेकीकडे राहिली आणि सप्टेंबरात हौसेनं मुलाकडे गेली. गावातल्या पोरांना तिनं थालीपीठ खायला शिकवलं, असे फोटो यायचे. मग एका सोमवारी सकाळी यामिनीचा फोन आला. आईंना ताप आहे, छातीत कफ झालाय, क्लिनिकवाल्या बाई औषध देऊन गेल्या. विनय कामासाठी ग्रेलिंग लेकला गेलाय, त्याला कळवलंय, तो निघतोच आहे.

"तिकडे हवा कशी आहे?" अहिल्येनं विचारलं.

"एकदम क्लिअर, ताई. छान ऊन पडलंय."

फोन ठेवून ती परीक्षितकडे वळली. "ग्रेलिंग लेक ते केप एलन किती रे?"

त्याला असं काही विचारलं की त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. ग्रेलिंग लेक विमानतळ ते केप एलन विमानतळ: १४२ मैल. विमानाचा वेळ: ४७ मिनिटं.

"बरोबर आहे ना हे?"

"शंभर टक्के," परीक्षित म्हणाला. "मी स्वतः लिहिलंय."

तिथून अहिल्या घड्याळाकडे बघत बसली. तास गेला, दोन गेले, दुपार झाली. संध्याकाळी यामिनीचा पुन्हा फोन आला, "ताई, आईंनी तुम्हाला सांगायला सांगितलंय की..." तर अहिल्येनं तिला मध्येच तोडलं. "आधी सांग, विनू पोहोचला का?" "नाही ताई, ते विमान..." पुढचं ऐकायला अहिल्या थांबली नाही, फोन बंद केला. मंगळवारी केप एलनवर दिवसभर धुकं होतं. आईची तब्येत बिघडली, आजाऱ्यांना न्यायचं विमान उतरू शकलं नाही, आणि बुधवारी सकाळी ती गेली. विनय पोहोचला बुधवारी दुपारी दोन वाजता. सोमवारी सकाळी नऊपासून मोजलं, तर त्रेपन्न तास.

अहिल्येनं मोजलेच होते. "सत्तेचाळीस मिनिटं होती, विनू," ती फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज परीक्षितला ओळखू आला नाही. "सोमवारी ऊन होतं. तू तुझं काम आटपून निघालास."

"ताई, तसं नसतं गं इथे."

"मग कसं असतं? परीक्षितनं आकडा काढून दिलाय मला."

अंत्यविधी अलास्कातल्याच फेअरबँक्स शहरात झाले. अहिल्या गेली, पण भावापासून दूरच्या बाकावर बसली. यामिनी काहीतरी सांगायला जवळ आली, तेव्हा "नंतर" म्हणून उठून गेली. ते नंतर काही आलं नाही.

परीक्षितच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली होती, हे इथे सांगायलाच हवं. पाचशे मैल वेगाचं जेट त्या तीनशे वस्तीच्या गावात कशाला उतरेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात येऊन गेला होता. पण शोकात बुडालेल्या बायकोला, अगं माझा आकडा म्हणजे नुसता अंदाज गं, असं सांगायचा धीर कुठून आणायचा? आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. मग त्यानं त्या पालीला पार गाडून टाकलं. माणूस वाईट नव्हता, फक्त आपल्या आकड्याच्या प्रेमात होता. त्यानं जे व्हायचं ते झालंच.

यंदाची भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आली, गुरुवारी. अमेरिकेत दिवाळीची सुट्टी कोण देतो? सकाळी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर नजर टाकून परीक्षित ऑफिसला गेला. कंपनी मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती, महिनाअखेरीला जुनं सगळं बंद होणार होतं, आणि काय ठेवायचं, काय फेकायचं ते ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. मदतीला ईशान होता. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये वाढलेला, नुकता कॉलेजातून आलेला, मराठी आईशी बोलण्यापुरतं.

"काका, हा ‘चूक कळवा’वाला मेलबॉक्स," ईशान म्हणाला. "सिक्स्टी-वन थाउजंड मेसेजेस आहेत. कुणी ओपनच केले नाहीत यार."

"ऑटो-रिप्लाय जातो ना सगळ्यांना," परीक्षित बेफिकिरीनं म्हणाला. तो रिप्लायही त्यानंच लिहिला होता. एका लाँग वीकएंडच्या आधीच्या शुक्रवारी, लोकांच्या कटकटीतून सुटायला.

"मी सॉर्ट केलंय. हे एक पेज वियर्ड आहे बघा. फक्त तीन मेसेजेस, वर्षाला एक, सेम माणूस. पण डेट्स रँडम आहेत. बॉट असेल. डिलीट करू?"

परीक्षितनं मान वळवून तारखा पाहिल्या. सव्वीस ऑक्टोबर. पुढच्या वर्षी पंधरा नोव्हेंबर. त्याच्या पुढच्या वर्षी तीन नोव्हेंबर. ईशानला त्या तारखा कशाही पडलेल्या वाटल्या, यात त्याची काही चूक नव्हती. परीक्षितला मात्र त्या दर वर्षी फ्रिजवर दिसलेल्या होत्या. तिन्ही भाऊबीजा होत्या. मग त्यानं पानाचं नाव वाचलं: ग्रेलिंग लेक ते केप एलन.

"डिलीट नको," तो म्हणाला. "मी बघतो. तू जरा कॉफी घेऊन ये."

मजकूर इंग्रजीत होता, सरकारी अर्जासारखा, नेमस्त. पहिल्यात लिहिलं होतं की या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही, कधीच नव्हतं. ग्रेलिंग लेकहून आठवड्यातून दोनदा लहान विमान फेअरबँक्सला जातं, तिथून केप एलनला दुसरं, तेही हवा असेल तर. कृपया पान दुरुस्त करावं.

दुसऱ्यात: मी गेल्या वर्षीही लिहिलं होतं. माहिती तपासलेली आहे असं तुमचं उत्तर आलं. ती कोणी तपासली? इथली धावपट्टी जेट उतरण्याइतकी लांब नाही. ती दुरुस्त करणारा माणूस मीच आहे, म्हणून सांगतो.

तिसरा सगळ्यात छोटा होता. माझ्या घरातलं एक माणूस या आकड्यावर विश्वास ठेवून आहे. मी सांगून ते पटणार नाही, तुम्ही लिहिलंत तर पटेल. यापुढे मी त्रास देणार नाही. आभार. खाली नाव: विनय.

आणि प्रत्येकाखाली त्याच क्षणी गेलेलं उत्तर चिकटलेलं होतं: ‘कळवल्याबद्दल धन्यवाद! आमची माहिती तज्ज्ञांनी तपासलेली असून अचूक आहे.’ तज्ज्ञ म्हणजे कोण, तर परीक्षित देवतळे. उद्गारचिन्हसुद्धा त्याचंच.

तीन भाऊबीजा तो पोरगा बहिणीच्या फोनची वाट बघत बसला असेल, आणि फोन येत नाही म्हटल्यावर तिच्या नवऱ्याच्या यंत्राला अर्ज करत बसला असेल. मला सरळ फोन का नाही केला यानं? हा प्रश्न मनात आला आणि उत्तरही लगेच आलं. घरच्या जावयाला त्याच्या बायकोपुढे खोटं पाडायचं नाही, हे विनयच्या आईनं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. जिजाजी चुकले असं तो बहिणीला मेला तरी सांगणार नव्हता. म्हणून त्यानं जिजाजींच्या कंपनीला सांगितलं, तेही नातं न सांगता. आणि जिजाजींच्या कंपनीनं तीन वेळा त्याच्या तोंडावर दार लावलं. यंदाचा मेसेज आलाय का म्हणून परीक्षितनं पुन्हा पुन्हा पाहिलं. आला नव्हता. यापुढे त्रास देणार नाही म्हणाला होता, तो शब्द पाळला होता.

तिन्ही मेसेज छापून घेऊन तो लवकरच निघाला. एरवी शिकागोहून घरी येताना गाडी दोन मिनिटं उशिरा आली, तरी तो शेजारच्या माणसाला सांगायचा. त्या दिवशी नेपरव्हिल कधी आलं आणि कधी गेलं, त्याला कळलंच नाही. पुढच्या स्टेशनवर उतरला, फलाटावर खुळ्यासारखा उभा राहिला आणि टॅक्सी करून घरी आला. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी आला तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. अहिल्या डेकवर होती. हातात तबक, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता, आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या वर बीजेची बारीकशी कोर.

"अहिल्या, थांब. ओवाळू नकोस."

"का? झालं काय? चेहरा असा का तुझा?"

"चंद्राला ओवाळू नकोस. भाऊ आहे तुला."

तिचा चेहरा लगेच कडक झाला. "आज तो विषय नको, परीक्षित."

"आजच हवा," तो म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिले. तिनं तबक कठड्यावर ठेवलं. डेकच्या दिव्याखाली ती वाचत होती तेवढ्यात त्यानं सगळं ओकून टाकलं. पाचशेनं भागायचं, अर्धा तास वर घालायचा, बस. दिल्ली-मुंबईलाही तेच आणि केप एलनलाही तेच. "अंतर बरोबर होतं गं. वेळ मी ठोकून दिली होती. सगळ्या जगाची. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी शंभर टक्के म्हणालो."

तिनं तारखा पाहिल्या. बोट ठेवून एकेक पाहिली. परीक्षितला वाटलं होतं ती ओरडेल, कागद फेकून मारेल. ती डेकच्या पायरीवर बसली.

"तुला माहीत होतं?"

"शंका आली होती. तेव्हाच. बोललो नाही."

"तीन वर्षं," अहिल्या म्हणाली. "तीन वर्षं मी त्याला आईचा मारेकरी समजले, परीक्षित. तुझ्या एका ओळीवरून. आणि तू माझ्या शेजारी बसून जेवत होतास." ती पुढे म्हणाली, "फोन दे."

नंबर तिला पाठ होता. पलीकडे दोनदा वाजला आणि उचलला गेला.

"ताई?" विनयचा आवाज घाबराघुबरा. "काय झालं? सगळे ठीक आहेत ना? जिजाजी बरे आहेत ना?"

तीन वर्षांनी बहिणीचा फोन आला, तर भावाच्या मनात पहिलं काय आलं, ते अहिल्येला कळलं आणि तिचा बांध फुटला. बऱ्याच वेळानं ती बोलू शकली. "सगळे बरे आहेत. विनू, त्या सोमवारी तू काय केलंस? मी तुला विचारलंच नाही रे. एकदाही नाही विचारलं."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, परीक्षित कठडा धरून उभा होता.

"यामिनीचा फोन आला तेव्हा मी धावपट्टीवरच होतो," विनय म्हणाला. "विमान मंगळवारचं होतं. सकाळभर फोन केले. एक सामान नेणारा पायलट तयार झाला, पण तो दुसऱ्या गावी होता, त्याला यायला दुपार झाली. चारच्या सुमारास आम्ही केप एलनवर पोहोचलो, ताई."

"पोहोचलो म्हणजे?"

"वर. आकाशात. शाळेचं पिवळं छप्पर दिसत होतं मला. आमचं घर त्याच्या मागे, तेही दिसलं. पण समुद्रावरून धुकं आलं होतं आणि धावपट्टी त्याच्याखाली गेली होती. पायलटनं दोन घिरट्या घातल्या. मी त्याला म्हटलं, अजून एक. तो म्हणाला, परत जायला इंधन पुरणार नाही. मग वळलो. मंगळवारच्या विमानानं फेअरबँक्सला, बुधवारी तिथून इथे. दुसरा रस्ता नाही गं इथे. मी काम आटपून नव्हतो निघालो."

अहिल्येनं तोंडावर हात दाबला. परीक्षितला एकदम ते पिवळं छप्पर दिसलं, आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारं विमान. चार कोटी पानांत त्यानं असं काही कधी लिहिलं नव्हतं. त्याच्या गणिताप्रमाणे विनय सोमवारीच पोहोचला होता, फक्त उतरला नव्हता.

"जिजाजी आहेत का तिथे?" विनयनं विचारलं.

"आहे रे," परीक्षित म्हणाला. "मी आजच वाचलं तुझं. माफ कर मला. ते पान मी उद्याच काढून टाकतो."

"काढू नका. खरं काय ते लिहा. इकडे कुणाकुणाची आई असते." मग तो बहिणीला म्हणाला, "ताई, यामिनीला द्यायचाय फोन. ती मघापासून हात पुढे करून उभी आहे."

यामिनीचा आवाज रडवेला होता. "ताई, मी फेअरबँक्सला हेच सांगायला आले होते. त्या संध्याकाळी फोनही त्यासाठीच केला होता. ते विमान घरावरून गेलं ना, दोनदा, तो आवाज आईंनी ऐकला. ग्लानीत होत्या, पण डोळे उघडले. ‘आला माझा विनू,’ म्हणाल्या. मी हो म्हटलं. खोटं बोलले, ताई, पण मला दुसरं सुचलंच नाही. मग म्हणाल्या, ‘अहिल्येला फोन कर. तिला सांग, पोहोचला म्हणून. ती उगाच घड्याळाकडे बघत बसली असेल.’ आणि झोपल्या. शेवटपर्यंत पुन्हा विचारलं नाही त्यांनी."

कठड्यावरचं निरांजन अजून जळत होतं. अहिल्येनं फोन दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"सांगितलंस गं," ती म्हणाली. "आत्ता कळलं मला."